समुपदेशकाकडे जायचं ठरवलंय? आधी एवढं वाचून घ्या

पहिल्या सेशनला मी पाऊण तास ऑफिसबद्दल बोललो. बॉस कसा आहे, टीममधलं कोण काम टाळतं, सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप कसा उघडावा लागतो. समोरच्या मॅडम शांतपणे ऐकत होत्या, मधेच काहीतरी टिपून घेत होत्या. वेळ संपली. मी उठलो, बॅग खांद्याला अडकवली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि वळून म्हणालो, "बाकी तसं ठीक आहे. फक्त वडील गेल्यापासून झोप लागत नाही. दोन वर्षं होतील आता."

मॅडम क्षणभर थांबल्या. "पुढच्या वेळी इथून सुरुवात करू," एवढंच म्हणाल्या. माझंच काहीतरी चुकलं, असं वाटत घरी आलो. नंतर कळलं, की खरी गोष्ट दारात उभं राहून सांगणारे इतके असतात, की या क्षेत्रातल्या लोकांनी त्या वाक्याला दाराच्या मुठीवरूनच नाव ठेवलंय.

दारातलं ते वाक्य खुर्चीत बसून कसं बोलता येईल, त्यासाठी हे लिहितोय. मी तज्ज्ञ नाही. तीन वर्षं क्लायंट म्हणून समोरच्या खुर्चीत बसलोय, एकदा समुपदेशक बदललाय आणि एकदा चांगल्या समुपदेशकाकडूनही पळ काढायच्या बेतात होतो.

सगळ्यात आधी एक अपवाद

जीव द्यावासा वाटत असेल, तसा काही बेत मनात घोळत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जवळच्या एका माणसाला आत्ता सांगा, तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा. आठवड्यातून एकदा भेटणारा समुपदेशक ही त्या क्षणाची मदत नव्हे. ती त्यानंतरची.

पायरी १: कोणाकडे जायचं?

आपल्या भाषेने इथे थोडा घोळ घातलाय. 'समुपदेशन' या शब्दातच उपदेश बसलाय. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, आपण अडचण सांगायची आणि समोरचा चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार. प्रत्यक्षात चांगला समुपदेशक उपदेश फार क्वचित करतो. तो विचारतो, थांबतो, तुम्ही जे म्हणालात तेच वेगळ्या शब्दांत तुमच्यापुढे ठेवतो. मला पहिले दोन महिने याचा वैताग यायचा. "तुम्हीच सांगा ना काय करू," असं मी दर वेळी म्हणायचो.

दुसरा घोळ 'मानसोपचारतज्ज्ञ' या शब्दाचा. कुणी तो डॉक्टरसाठी वापरतं, कुणी थेरपिस्टसाठी. साधारण फरक असा: सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. तो आधी वैद्यकीय डॉक्टर असतो, निदान करतो, औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला असतो, चाचण्या घेतो, थेरपी देतो. औषधं सहसा देत नाही. समुपदेशकाचं शिक्षण बहुतेक वेळा समुपदेशनातलं किंवा मानसशास्त्रातलं असतं, आणि नातेसंबंध, दुःख, ताण, निर्णय अशा गोष्टींवर तो काम करतो. सीमारेषा काटेकोर नाहीत. बऱ्याच ठिकाणी 'समुपदेशक' ही पाटी लावायला कायद्याने फारसं काही लागत नाही, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारून घेणं हे तुमचं काम.

मग आधी कोणाकडे? झोप आणि भूक कित्येक आठवडे पार बिघडलेली असेल, अंथरुणातून उठणंच होत नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा दोन-तीन तासच झोपूनही अंगात अफाट उत्साह संचारला असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशन नंतरही जोडता येतं, आणि पुष्कळ लोक दोन्ही एकत्र घेतात. आणखी एक: थकवा, उदासी, धडधड यांच्यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते. रक्ततपासणी करून घेतल्याने मनाच्या दुखण्याचा अपमान होत नाही.

पायरी २: अर्धं पान लिहा

जाण्यापूर्वी अर्धं पान लिहायचं. आत्मचरित्र नको. तीनच गोष्टी: काय होतंय, कधीपासून, आणि काय बदललं तर 'आलो ते बरं झालं' असं वाटेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. "आनंदी व्हायचंय" असं लिहून बघा, त्याचं पुढे काहीच करता येत नाही. "मीटिंगमध्ये माझी पाळी जवळ आली, की हात गार पडतात आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो, ते थांबायला हवं," हे लिहिलंत तर पहिल्याच दिवशी धरायला काहीतरी मिळतं. शक्यतो असं लिहा, की बाहेरच्या माणसाला डोळ्यांपुढे आणता येईल.

मग शेवटी, पानाच्या तळाला, ते वाक्य लिहा जे तुम्ही बहुधा सांगणार नाही आहात. कागद समुपदेशकाला दाखवायलाच हवा असं नाही. पण तोंड उघडेना झालं, तर कागद पुढे करून "हे वाचा" म्हणता येतं. मी दुसऱ्या सेशनला तेच केलं.

पायरी ३: विचारपूस करा, लाज न बाळगता

डॉक्टरला आपण शिक्षण विचारत नाही, ती सवय इथेही आड येते. पण इथे दोन-चार प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि फोनवर किंवा मेसेजवर विचारलेले चालतात. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे? माझ्यासारख्या अडचणीवर आधी काम केलंय का? तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता, ते साध्या शब्दांत सांगाल का? तुम्ही स्वतः सुपरव्हिजन घेता का? हा शेवटचा प्रश्न ऐकून काही जण चकित होतात. सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने आपल्या कामाबद्दल एखाद्या अनुभवी व्यक्तीशी नियमित चर्चा करणं. घेत असेल तर ते कमीपणाचं नाही, उलट जमेची बाजू.

मग व्यवहार. फी किती, कधी द्यायची, कमी उत्पन्न असलेल्यांना सवलत आहे का, ऐनवेळी रद्द केलं तर फी पडते का. बहुतेकांचा नियम २४ किंवा ४८ तास आधी कळवण्याचा असतो. सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, म्हणजे 'तास' म्हणतात पण तास नसतो. उरलेली मिनिटं टिपणं लिहायला आणि श्वास घ्यायला. सुरुवातीला आठवड्यातून एकदा भेटणं नेहमीचं.

उत्तरांइतकाच सूर ऐका. विचारल्यावर जो आत्ताच चिडतो, त्याच्यापुढे तुम्ही पुढे काय मोकळे होणार?

पायरी ४: पद्धतींबद्दल किती वाचायचं?

थोडंच. मी आठवडाभर वाचत बसलो होतो, तो खरं तर अपॉइंटमेंट पुढे ढकलण्याचा बहाणा होता.

बोलून उपचार करण्याची गोष्ट व्हिएन्नात योझेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून सांगतात. ब्रॉयरच्या एका रुग्ण स्त्रीनेच या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं, आणि १८९५ मध्ये तिची हकिगत प्रसिद्ध झाली. 'ॲना ओ.' या टोपणनावाने ती ओळखली जाते. गंमत अशी, की छापील हकिगतीत ती बरी झालेली वाटते, पण प्रत्यक्षात त्यानंतरही तिला उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं होतं. पुढे ती नावाजलेली समाजकार्यकर्ती झाली. नुसतं भडाभडा बोललं की सुटलो, असं तेव्हाही नव्हतं.

पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी आज 'सीबीटी' (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी) म्हणून ओळखली जाणारी पद्धत घडवली. दोन्हींचा रोख असा, की घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो. तो अर्थ पकडायचा, तपासायचा, प्रत्यक्ष वागून पडताळायचा. कार्ल रॉजर्स यांनी मात्र समुपदेशकाच्या वृत्तीवर भर दिला: खरेपणा, निखळ स्वीकार, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं.

निवडताना याचा उपयोग कधी होतो? काही अडचणींना ठरावीक पद्धत खरोखर लागते. ओसीडी असेल, म्हणजे कुलूप लावलं का हे वीस वेळा जाऊन बघावं लागत असेल, तर नुसत्या गप्पांनी भागत नाही. भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि ती तपासणी करायची नाही, असा सराव करून घेणारा माणूस हवा. फोबियाचंही तसंच. अपघात किंवा अत्याचारानंतरच्या आघातासाठी त्यासाठीची खास सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेत आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) शिकलेली व्यक्ती शोधा. बाकीच्या बऱ्याच बाबतींत पद्धतीच्या नावापेक्षा तुमचं दोघांचं जमतं का, हे मोठं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या जमण्याचे तीन भाग सांगितले होते: कुठे जायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. मला हे फार उपयोगी पडलं. "मॅडम चांगल्या आहेत पण काही होत नाहीये," असं वाटायला लागलं, की या तिघांतलं काय निसटलंय ते शोधता येतं.

पायरी ५: पहिला दिवस

पहिलं सेशन बरचसं माहिती घेण्यात जातं. घरी कोण, झोप कशी, औषधं कुठली, आधी कधी उपचार घेतलेत का, दारूचं प्रमाण, मरणाचे विचार. शेवटचा प्रश्न सरळ विचारला म्हणून घाबरू नका. तो सगळ्यांना विचारतात आणि विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. कदाचित एखादा छापील तक्ता भरायला देतील. पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजणारा, नेहमी दिसणारा तक्ता: मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. तो परीक्षेचा पेपर नाही. चांगले गुण मिळवायला म्हणून खोटं लिहिलं, तर दोन महिन्यांनी सुधारणा मोजायला काही उरत नाही. (मी लिहिलं होतं. चौथ्या सेशनला कबूल केलं.)

एखाद्या प्रश्नाला "यावर आज नको" म्हणता येतं. ते म्हणणं आणि खोटं सांगणं यांत फार फरक आहे.

गुप्ततेबद्दल समुपदेशकाने आपणहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारा: मी इथे बोललेलं कोणाला कळू शकतं? खोलीतलं खोलीत राहतं हा नियम, पण त्याला अपवाद असतात. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा न्यायालयाने माहिती मागवली, तर गुप्तता मोडावी लागू शकते. नेमके नियम देशादेशांत वेगळे. अमेरिकेत एका तरुणाने आपल्या थेरपिस्टला एका मुलीला मारण्याचा इरादा सांगितला होता आणि पुढे तिचा खून केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तारासॉफ खटल्यात सांगितलं, की अशा वेळी धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य ठरतं. म्हणजे या अपवादांमागे माणसं आहेत, नुसती कलमं नाहीत.

नवऱ्याने किंवा आईने फी भरली तर त्यांना सगळं कळणार का? तुम्ही सज्ञान असाल तर फी भरणाऱ्याला सेशनमधलं ऐकायचा हक्क आपोआप मिळत नाही. तरी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. ऑफिसने समुपदेशक दिला असेल तर तिथे काय कळवलं जातं, हेही.

ऑनलाइन असेल तर इयरफोन लावा आणि दार बंद असलेली जागा शोधा. घरात तशी जागाच नसेल तर पार्क केलेल्या गाडीत बसून बोलणारे कितीतरी जण आहेत. चालत्या गाडीतून मात्र नको.

पायरी ६: मधले आठवडे

सेशननंतर हलकं वाटेल अशी अपेक्षा असते. कधी वाटतं. कधी दिवसभर डोकं जड राहतं, चिडचिड होते, आणि 'आधी होतं ते काय वाईट होतं' असं वाटतं. झाकून ठेवलेलं उघडलं की असं होतं. म्हणून सेशन संपल्यावर लगेच मीटिंग ठेवू नका. वीस मिनिटं चाला. पण दिवसेंदिवस तब्येत खालीच चालली असेल, तर 'आधी बिघडतं मग सुधारतं' म्हणून सोसू नका. थेरपीनेही काही जणांचं बिघडतं. मायकेल लँबर्ट यांच्यासारख्या संशोधकांनी हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असल्याचं दाखवलंय. तेव्हा सांगायचं, आणि लगेच सांगायचं.

गृहपाठ मिळू शकतो: विचारांची नोंद, एखादा छोटा प्रयोग. केला नाही तर सेशन बुडवू नका. तो का झाला नाही, यातच पुष्कळदा सेशनचा विषय असतो.

औषधं चालू असतील तर ती मनाने बंद करू नका. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि एकदम थांबवली तर त्रास होतो. औषध बंद करायला सांगणारा समुपदेशक स्वतः डॉक्टर नसेल, तर तो आपली मर्यादा ओलांडतोय.

घरी काय सांगायचं? जेवढं वाटेल तेवढं. "काय म्हणाले आज?" या प्रश्नाला "बोललो थोडं" हे पुरेसं उत्तर आहे.

पायरी ७: समुपदेशकाचाच राग आला तर

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला हा कुणी सांगत नाही.

आठव्या सेशनला मी वडिलांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलत होतो आणि मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. एवढंच. घरी जाऊन मेसेज टाईप केला: "कामाचा व्याप वाढलाय, काही दिवस थांबतो." पाठवला नाही, ड्राफ्टमध्ये राहिला. थेरपी मधेच सोडणारे साधारण पाचात एक असतात, असं शेकडो अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलंय. त्यातल्या किती जणांच्या फोनमध्ये असा 'कामाचा व्याप' असेल कोण जाणे.

पुढच्या वेळी गेलो आणि, पुन्हा एकदा, निघायला पाच मिनिटं असताना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हो, पाहिलं होतं. तुम्ही इतकं मोठं बोलायला घेतलं होतं आणि वेळ थोडा उरला होता, त्याची मला काळजी वाटली. पण तुम्हाला कसं वाटलं असेल, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग विचारलं, "मी ऐकत नाहीये असं वाटल्यावर तुम्ही निघून जायचं ठरवलंत. आणखी कुठे असं होतं?" बायकोशी होत होतं. वडिलांशी तर आयुष्यभर झालं. त्या एका प्रश्नावर पुढचे दोन महिने गेले.

तेव्हा राग, कंटाळा, संशय, इतकंच काय, समुपदेशकाबद्दल वाटणारं आकर्षणसुद्धा तिथेच बोलायचं. तुमच्या नाराजीवर तो कसा वागतो, याच्यापेक्षा चांगली परीक्षा नाही. ऐकून घेतलं तर थांबा. "तुमच्यातच दोष आहे" म्हणून उडवून लावलं तर दुसरा शोधा. या मॅडमकडे येण्याआधीचे माझे समुपदेशक असेच सुटले. ते सेशनभर स्वतःच्या घटस्फोटाबद्दल बोलायचे आणि शेवटी मीच त्यांना धीर द्यायचो. तीन वेळा गेलो, तेही संकोचापोटी.

काही गोष्टींवर मात्र चर्चा करत बसायचं नाही, बाहेर पडायचं: लैंगिक जवळीक किंवा तसं बोलणं, तुमच्याकडून पैसे उसने घेणं किंवा धंद्यात भागीदारी, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावागावासह सांगणं, खात्रीने बरं करण्याची हमी, 'हे घरी कुणाला सांगू नका' अशी ताकीद. नोंदणी करणारी संस्था असेल तिथे तक्रार करता येते, आणि करावी.

पायरी ८: किती दिवस?

सगळे हाच प्रश्न आधी विचारतात. १९८६ मध्ये केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली: आठव्या सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा होती, सव्वीसाव्यापर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये. सीबीटी साधारण १२ ते २० सेशनची आखतात. लहानपणापासूनची गाठ असेल तर वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. सुधारणा म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

सहाव्या सेशनच्या आसपास ते अर्धं पान पुन्हा काढा आणि दोघांनी मिळून बघा. काहीच हललं नसेल तर तसं म्हणा.

शेवटचं सेशन

थांबायचं ठरलं तर मेसेज टाकून गायब होऊ नका. एक शेवटचं सेशन घ्या, बरं वाटत असेल तरी, नाराज असाल तर नक्कीच. त्यात दोन गोष्टी विचारून ठेवा: पुन्हा यावंसं वाटलं तर येता येईल का, आणि घसरण सुरू झाली हे मला कशावरून ओळखू येईल?

आमची यादी तीन ओळींची झाली. पहिली ओळ: रात्री दोन वाजता वडिलांचे जुने व्हॉइस मेसेज ऐकत बसणं. आठवड्यात तीनदा झालं तर फोन करायचा, असं ठरलं. एकदा करावा लागला. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या, बॅग खाली ठेवण्याआधी, तेच पहिलं सांगितलं.